आधी पानी दावा

सोनवणे आप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी माणसं बघत नाहीत, पिंप बघतात. दारात चपला काढायच्या, "आधी पानी दावा" म्हणायचं आणि बॅटरी घेऊन सरळ मोरीत शिरायचं. घरातला माणूस "बसा" म्हणेपर्यंत त्यांचं अर्धं अंग पिंपात गेलेलं असतं.

एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले. पोहे आले, मुलगी आली, आप्पा गायब. शोधलं तर परसात, रांजणात वाकलेले. तसेच ओल्या बाहीनं बैठकीत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगी लाखात एक हाय. पन रांजणात आळ्या हायत." ठरता ठरता लग्न मोडलं. पुतण्या अजून त्यांच्याशी बोलत नाही. आप्पांना त्यात आपलं काय चुकलं ते अजून कळलेलं नाही. "आळ्या व्हत्या की!" म्हणतात.

आप्पा आमच्या सरकारी आरोग्य केंद्रातले आरोग्य सेवक, मी नर्स. एक जण पुरायचा नाही एवढा भाग, त्यात शेजारच्या भागातलं सेवकाचं पद रिकामं, त्याचंही काम आप्पांकडे. माझ्याकडे दोन उपकेंद्रं. धुराचं मशीन बंद पडलेलं, गाडी आहे तर ड्रायव्हर दुसरीकडे पाठवलेला. वरून मात्र रोज फोन येतो, "अहवाल पाठवा." आम्ही पाठवतो. आप्पा केंदूरला एकटेच राहतात. त्यांचं लग्न का राहून गेलं, हे मी कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर एकमेकांची विचारपूस करण्याएवढा जीव दिवसअखेर आमच्यात उरत नाही.

सणसवाडीच्या भाड्याच्या खोल्या तपासायचं काम आप्पांकडे होतं. एकेका चाळीत बिहार-यूपीची कंपनीत काम करणारी माणसं, पाणी टँकरचं, तेही येईल तेव्हा. त्यामुळे दारोदार निळे ड्रम. तिथं आप्पांची हिंदी चाले. "भाभी, आपके ड्रम में बच्चे हुए हैं!" असं ते एका बाईला म्हणाले, तर ती कुणाचं लेकरू बुडालं म्हणून किंचाळत धावली. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून कोरडी ठेवायची, त्याला आम्ही कोरडा दिवस म्हणतो. आप्पांनी चाळीत जाहीर केलं, "हर सोमवार ड्राय डे रखने का!" दारूचं दुकान बंद होणार असं वाटून कारखान्यातली पोरं त्यांच्या अंगावर आली.

पावसाळा सरता सरता त्या चाळींत ताप सुरू झाला. आप्पांनी चाळमालकाला गाठलं. गच्चीवरच्या टाकीला झाकण नव्हतं.

"मालक, टाकीत डासांची अंगणवाडी भरलीया. झाकन बसवा."

"आप्पा, बोंबलू नका. डेंगू डेंगू केलं की भाडेकरू पळत्यात."

"मंग मी नोटीस देतो."

"द्या की. आजवर कितींदा दिली?"

दोघांची चांगलीच जुंपली. मालकानं आप्पांना जिन्यावरून खाली जायला सांगितलं, आणि आप्पा जाता जाता टाकीत अळ्यांचं औषध टाकून गेले.

त्याच चाळीत रिंकी नावाची मुलगी राहायची. गरोदर, दिवस भरत आलेले, नवरा ठेकेदाराकडे कामाला. ती आप्पांना दार उघडायची नाही. आतूनच "पानी ठीक है" म्हणायची. आप्पा बाहेरून, "ठीक है तो दावा!" रोजचं झालं होतं. मग एक दिवस आतून काहीच उत्तर आलं नाही. आप्पांनी शेजारणीला बोलावून दार ढकललं. पोरगी जमिनीवर पडलेली. ताप चार दिवसांचा होता, तो सकाळी उतरला म्हणून ती निर्धास्त झाली होती. या आजारात ताप उतरतो तेव्हाच खरा धोका असतो.

मला फोन आला. मी पोचले तेव्हा तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. अॅम्ब्युलन्स महामार्गावरच्या अपघाताकडे गेली होती. आमची गाडी ड्रायव्हरविना उभी. अंगणात मालकाची गाडी तेवढी होती.

आप्पा वर मालकाच्या घरी गेले. कुणासमोर न वाकणारा माणूस. मी जिन्यातून बघितलं, त्यांनी हात जोडले होते.

"मालक, मला कायबी बोला. टाकीचं मी पुन्यांदा नाव काढनार न्हाई. पन पोरीला पुण्याला न्या."

 मालक पायात चपलाही न घालता किल्ली घेऊन खाली आला.  रिंकीचं डोकं माझ्या मांडीवर, आणि आप्पा पुढच्या सीटवरून दर थोड्या वेळानं मागं वळून विचारत होते, "हाय न्हवं? हाय न्हवं सिस्टर?"

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात तिला घेतलं. मला ड्युटीवर परतावं लागलं. नवऱ्यानं खाडा केला असता तर काम गेलं असतं, तो ठेकेदाराच्या विनवण्या करत होता. बायकांच्या वॉर्डात पुरुषाला राहू देत नाहीत, तर आप्पा बाहेर पायऱ्यांपाशी थांबले. रक्त आणणं, औषध आणणं, सगळं तेच करत होते.

रिंकी वाचली. पोटातलं बाळही. मालकानं न सांगता टाकीला झाकण बसवलं, ग्रामपंचायतीनं टँकरचा दिवस ठरवून दिला, ड्रम कमी झाले. एवढ्यासाठी एक पोर मरणाच्या दारातून आणावी लागली, याचा कुणी अहवाल मागितला नाही.

पण मला सांगायचंय ते ती दवाखान्यात असतानाच्या रविवारचं. नवऱ्याला एकदाची सुट्टी मिळाली, त्याला घेऊन मी डबा भरून पुण्याला गेले. आप्पा दाढी वाढलेले, दवाखान्याच्या व्हरांड्यात अनोळखी माणसांत बसून कुणाच्या तरी डब्यातली भाकरी खात होते.

"आप्पा, हा आलाय आता. चला घरी."

ते उठले नाहीत. नवरा पुढं गेल्यावर हळूच म्हणाले, "सिस्टर, हितं समदी इचारत्यात, आत कोन हाय तुमचं? पहिल्या दिशी काय सांगावं कळंना. मंग म्हनलो, पोरगी हाय."

मी डबा खाली ठेवला.

"मंग ह्यो मानूस चहा देतो, ती म्हातारी इचारती, जेवली का पोरगी. रातच्याला कुनीतरी चादर टाकतं अंगावर." ते भाकरीकडं बघत राहिले. "लबाडी हाय, ठावं हाय मला."

तेवढ्यात आतून आवाज आला, "रिंकीचं कोण आहे?" आप्पा सवयीनं उठले. मग नवऱ्याला दाराशी बघून परत खाली बसले.

माझी ड्युटी संध्याकाळची होती. मी डबा उघडला आणि त्यांच्याशेजारी बसले.

"जेवून घ्या आधी," मी म्हणाले. "दुपारच्या गाडीनं जाऊ."