दर्याबाईसाहेबांनीं तेल सांठविलें त्याची हकीकत

श्री. जी पानें पिसते आणि पुढला हात कोणास दाखवीत नाहीं, त्या देवतेस आदौ नमस्कार. शके सतराशें चौदा, परिधावीनाम संवत्सरे, माघ मासीं एका राज्यांत जें वर्तमान जाहलें तें ऐकिलें तैसें लिहिलें असे.

राज्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तेथील मासाहेब वृद्ध, आणि करड्या, आणि मायेचा शब्द खर्चण्यास फार जड. त्यांस दोन सुना, थोरल्या दर्याबाईसाहेब आणि धाकट्या गजराबाई. त्या घरीं रीत ऐसी जे, रथसप्तमीस दोघींनीं मासाहेबांसमोर बुरुजाचा खेळ खेळावा, आणि जी बुरूज सर करील तिणें मासाहेबांचे उजवे हातास बसावें आणि त्यांचे हातचा विडा घ्यावा. खेळ गंजिफांसारख्या पानांचा, तो ऐसा: आरंभीं प्रत्येकीचे गड्डींत एक काठी, एक फुटकी ढाल आणि ऐसींच दरिद्री पानें; दर मजल्यास एक शत्रू; तो पडला कीं नवीं पानें उघडावीं, थोरलीनें आधीं एक उचलावें, मग धाकटीनें; आणि हातीं दर फेरीस मशाली तीनच, कोणतेंही पान टाकणें तर एक मशाल जाळावी. जी पडली तिची गड्डी मोडली, मग पुन्हां पायथ्यापासून, पुन्हां काठी. सूर्य मावळेतोंवर कोणीच सर न केल्यास विडा तबकांतच सुकावा. आणखी एक नियम होता जे, शिल्लक मशाली दुसरीस देतां येत. परंतु त्या घरांत जावेनें जावेस मशाल दिली ऐसें कोणाचे ऐकिवांत नव्हतें.

दर्याबाईसाहेबांची चाल एकच, तरवार दिसली कीं उचलली. आणि त्या सालोसाल जिंकीत आल्या, आणि विडा देतांना मासाहेब हळूच म्हणत, "काय गं, दमलीस का?" इतकेंच. परंतु तेवढ्या शब्दावर बाईसाहेबांचें वर्ष निघत असे.

त्या सालीं गजराबाईंनीं नवल केलें. तरवारी सोडून तेलाच्या बुधल्या उचलूं लागल्या, कारण बुधली टाकिली तर मशाली वाढतात. आणि पोतड्या उचलूं लागल्या, कारण पोतडी टाकिली तर आणखी पानें हातीं येतात. दर्याबाईसाहेब हंसल्या आणि बोलिल्या, "गजरे, लढायचंय का दिवाळी मांडायचीय?" धाकटी म्हणाली, "मला जड उचलवत नाही, बाई. तेल बरं, हलकं." मग वरचे मजल्यावर दैत्य उभा ठाकला. थोरलीचे हातीं पांच तरवारी आणि मशाली तीन. तीन तरवारी चालल्या, दोन हातींच राहिल्या आणि दैत्यानें बाईसाहेबांस लोळविलें. मग धाकटीनें बुधलीवर बुधली ओतिली, आणि पोतडी उघडिली, आणि पुन्हां बुधली, आणि शेवटीं एकच जळती तरवार काढिली, जी जितक्या मशाली तितके वार करिते. दैत्य पडला. मासाहेब गजराबाईंस म्हणाल्या, "काय गं, दमलीस का?"

तो शब्द दुसरीस गेला हें ऐकून दर्याबाईसाहेबांचा जो भडका उडाला तो वर्षभर विझला नाहीं. धाकटी विडा चघळी त्याचा आवाज त्यांस तीन दालनें पलीकडे ऐकूं येई. कोणी पुसिलें तर म्हणत, "मला काय त्याचं? कात तर कडूच होता." आणि मनांत एकच निश्चय केला जे, ही तेलावर जिंकली काय, तर हिला तेलाचा थेंब मिळूं देणार नाहीं.

पुढील सालीं खेळ मांडिला. मासाहेबांस खोकला फार, लोड लावून बसविल्या होत्या. आणि पानें उघडलीं कीं थोरलीनें बुधली उचलावी, आपणांस हवी म्हणून नव्हे, तिला मिळूं नये म्हणून. तरवार समोर पडली तरी बुधली. जळती तरवार उघडली तेव्हां शेजारीं बुधली होती, मग बाईसाहेबांनीं बुधलीच घेतली आणि धाकटीनें तरवार नेली. ऐसें करितां दोघी वरचे मजल्यास पोंहोंचल्या आणि दैत्य उठला, आणि मावळतीचें ऊन्ह उंबऱ्यावर आलें. थोरलीनें बुधल्या ओतिल्या, मशालींचा ढीग जाहला, आणि हातीं टाकावयास पान काय, तर काठी. धाकटीचे हातीं जळती तरवार आणि मशाली तीन. दोघी पडणार हें सर्वांस दिसलें.

तेव्हां गजराबाई पदराआडून बोलिल्या, "बाई, एवढ्या तेलाचं करता काय? डोईला लावता?"

"तुला देईन होय? विडा सुकला तरी चालेल," ऐसें बाईसाहेब बोलिल्या, आणि तबकाकडे पाहिलें, आणि लोडाकडे पाहिलें. मासाहेब खोकत होत्या. पुढील रथसप्तमीस तो हात विडा देण्यास असेल कीं नाहीं, हा विचार आला. मग दुसराही विचार आला, तो खरा: ही जिंकली तर माझ्या तेलावर जिंकली, हें वर्षभर हिला ऐकवितां येईल. आणि लागलीच मशालींचा ढीग पुढें लोटिला आणि म्हणाल्या, "घे. पण लक्षात ठेव कुणाचं आहे."

"ठेवते. तुम्ही विसरू द्याल तर ना!" म्हणून धाकटीनें तरवार टाकिली आणि दैत्य भुईस मिळाला.

मग गजराबाई उजवे हातास बसल्या आणि विडा घेतला. दर्याबाईसाहेब पाठमोऱ्या होऊन उठूं लागल्या, तों मासाहेब म्हणाल्या, "डावीकडे काय काटे पेरलेत?" बाईसाहेब बसल्या. मासाहेबांनीं तबकांतून दुसरा विडा उचलून दिला आणि म्हणाल्या, "काय गं, आज तू जास्त दमलीस."

धाकटीनें तें ऐकिलें, आणि तिचें चघळणें थांबलें. आणि त्या 'जास्त'वर दर्याबाईसाहेबांनीं तो विडा फार सावकाश, फार आवाज करून खाल्ला.

तात्पर्य, त्या राज्यांत तेल एकीकडे आणि तरवार दुसरीकडे ऐसें एक साल गेलें, तरी बुरूज सर जाहला. कोणाचा विडा थोरला होता, याचा निवाडा मासाहेबांनीं शेवटपर्यंत केला नाहीं. इति.