वाटीतला अहवाल

शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, ही आपल्याकडची रीत. कलकत्त्याला भवानीपूरच्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे चिपळोणकर वाटीत अहवाल घालीत.

पहिला अहवाल आला तेव्हा आम्ही नवीनच होतो. ओळख व्हावी म्हणून हिने खाली अळूचं फदफदं पाठवलं. लख्ख घासून आलेल्या वाटीत घडी केलेला कागद होता : ‘वस्तू : अळूचे फदफदे. सौजन्य : वरचा मजला. विनियोग : तीन हिस्से मी, एक हिस्सा सौ. दाणे चांगले शिजले होते. खोबरे कमी होते.’

“खोबरं कमी?” ही कडाडली. “यांच्या सासऱ्यांची नारळाची बाग असेल!”

मी भीत भीत चौकशी केली. चिपळोणकर शांतपणे म्हणाले, “अहो, आपण दिलेल्या वस्तूचं पुढे काय झालं, हे देणाऱ्याला कळायला नको? लोक अळू देतात आणि जन्मभर अंधारात राहतात!”

हा सगळा नोकरीचा दोष. परदेशांतून आलेल्या मदतीचं काय झालं, हे जनतेला कळवणाऱ्या एका सरकारी कचेरीत ते पत्रकं लिहीत. त्या दिवसांत मदत पुष्कळ येई. कळवणं त्याहून पुष्कळ. गहू बोटीतून उतरायच्या आत पत्रकातली जनता जेवून तृप्त झालेली असे. चिपळोणकरांना हे जमेना. एकदा शेतीचे पंप आले. हे ट्रामने खिदिरपूरच्या गोदीपर्यंत गेले, पाहून आले आणि लिहिलं : ‘पंप आले आहेत. ते खोक्यांत आहेत. खोकी मजबूत आहेत.’

त्यांचे साहेब घोषबाबू यांनी कपाळावर हात मारला. “मोशाय, पंपातून पाणी काढा, पाणी!”

“खोकं उघडल्याशिवाय कसं काढू, साहेब?”

चिपळोणकरांची रवानगी वर्तमानपत्रांची कात्रणं कापण्याच्या टेबलावर झाली. “बढती गेली,” ते अभिमानाने सांगत, “पण खोक्यातून पाणी काढलं नाही!”

हळूहळू हिलाही त्या कागदांची चटक लागली. चकल्या पाठवल्या की ही जिन्याकडे कान लावून बसे. “बघू, आज काय म्हणतंय सरकार.” सरकार म्हणे : ‘चकल्या मऊ.’ मग दोन दिवस सरकारशी अबोला.

एका हिवाळ्यात सुमतीवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, अंथरुणाला खिळल्या. ही रोज पहाटे उठून काहीतरी करून डबा पाठवू लागली. मऊ भात, पेज, सांजा. आणि अहवालांची भाषाच बदलली : ‘रुग्णाने सर्व संपवले. आणखी मागितले. चेहऱ्यावर टवटवी.’ खोबऱ्याबद्दल अवाक्षर नाही. “माझ्या हातचं लागतं हो त्यांना!” असं म्हणत ही दुसऱ्या दिवशी तूप आणखी सढळ घाली.

एका रविवारी डबा घ्यायला मीच खाली गेलो. दार लोटलेलं होतं. चिपळोणकर स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सांजा खात होते. आवडीने नव्हे, औषध घ्यावं तसा, घास घास गिळत.

मला पाहून ते थांबले. “काही जात नाही हो तिला,” ते हलकेच म्हणाले. “गेला आठवडाभर नुसतं पाणी आणि मोसंबीचा रस.”

“मग ते कागद?”

“पहाटे उठून करतात तुमच्या मंडळी. खाल्लं नाही असं कळवलं, तर करणं थांबवतील. डबा थांबला की तिला कळेल, वरच्या मजल्यानेही आशा सोडली.” त्यांनी हात धुतले, कागद पुढे ओढला आणि लिहिलं : ‘रुग्णाने सर्व संपवले.’ खोक्यातून पाणी निघालं होतं.

आतल्या खोलीतून बारीक आवाज आला, “अहो, वेलदोड्याचं लिहा. मला वास आला. छान होता.”

चिपळोणकरांनी तेही लिहिलं.

मी वर आलो. ही दारातच उभी. “खाल्लं का हो त्यांनी?”

मी कागद उघडला आणि मोठ्याने वाचला. पहिल्या वाक्याला जरा अडखळलो. वेलदोड्याचं मात्र दोनदा वाचलं.