नेमूअण्णानं सोडलेला धर्म

सन २०२२. मला एकाहत्तरावं चालू होतं, आणि माझा शेजारी नेमूअण्णा द्राक्षबागेच्या कडेला उभा राहून किड्यांना ओरडून सांगत होता, "पळा रं, औषध यायलंय!" फवारणीचा ट्रॅक्टर मागं थांबलेला. किडे गेल्याची खात्री झाल्याशिवाय हा हात वर करणार नाही.

हा माणूस जैन. म्हणजे होता. त्याची बायको साखरेची पेशंट. नऊ वर्षांपूर्वी भाद्रपदात तिनं दहा दिवसांचे उपास धरले. ह्यानं नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. महिन्याभरात ती गेली. तेव्हापासून ह्यानं बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, जाणं बंद केलं. कुणी समजूत घालायला गेलं की एकच बोलणं, "सोडलं म्हंजे सोडलं."

त्यांच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. म्हणून हा मुद्दाम दिवे लागल्यावर रस्त्यात खुर्ची टाकून जेवायचा. पण आधी बॅटरी मारून ताटात किडा पडलाय का ते बघायचा. कांदा खायचा, तोही नाक दाबून, औषधासारखा. पाणी मात्र फडक्यानं गाळूनच.

पहिल्याच संध्याकाळी मी चार माणसांत त्याला म्हणालो, "बायकोला उपाशी घालवलीस, आन् आता सोता पोटभर चापतोयस व्हय?" लोक हसले. त्याचा घास हातातच राहिला. पुन्हा कधी त्यानं तो विषय काढला नाही. मीही नाही. माफी मागायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

२०२२ साली मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं, छाती उघडावी लागेल. मी चौथी नापास, पण बोकड उघडलेले पाहिलेत. अन्न जाईना. आणि डोळा मिटला की ते माझंच बोलणं कानात यायचं. ऑपरेशनच्या टेबलावरच राहिलो, तर ते तसंच नेमूच्या उरात राहणार. त्याची भीती छातीपेक्षा जास्त.

मिरजेला निघायच्या आदल्या दिवशी तिसऱ्या प्रहरी नेमूअण्णा आला. उंबऱ्याबाहेरच उभा, हात जोडलेले.

"नाना, माझं काय चुकलंमाकलं असंल तर क्षमा कर."

"तुझं काय चुकलं रं?"

"इचारायचं नसतंय. आमच्यात भाद्रपद सरला की एक दिस असतोय. कुणाच्याबी दारात जायाचं, हात जोडायचे. समोरच्यानंबी जोडायचे. झालं."

"त्याला अजून तीन म्हैने हायत की."

"व्हय. पर तवर तू असशील, नसशील."

माझी बायको आतनं ओरडली, "आवं अण्णा, जरा बरं बोला की!"

मी खवचटपणा सोडला नाही. "आन् तू तर सगळं सोडलंस न्हवं?"

"सोडलं म्हंजे सोडलं. पर हे चांगलं हाय, गड्या. चांगल्याला वंगाळ कसं म्हनू? ती असताना त्या दिवशी आमच्या सोप्यात माणूस मावत नसायचं. आता नऊ वरसं झाली. मी दार उघडं ठेवून बसतोय, कोण येत न्हाई. म्हनलं, आपुन तरी कुणाकडं जावं."

मी नुसते हात जोडले असते तरी भागलं असतं. माझे उचललेच नाहीत. "च्या घेतोस?" एवढंच तोंडातनं निघालं. त्यानं माझ्या हातांकडं बघितलं आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गाडी दारात लागली. मी गाडीत न बसता रस्ता ओलांडला आणि नेमूच्या दारात उभा राहिलो. डेअरीला दूध घेऊन निघालेली माणसं थांबून बघायला लागली. त्यांच्यात कारण सांगायचं नसतं, पण मी त्यांच्यातला नव्हे. मी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "नेमू, तुझ्या बायकोवरनं मी ह्याच रस्त्यात बोललो, ते वंगाळ बोललो. मला क्षमा कर."