पत्रिकेच्या तळाशी मामा

अपेक्षाची लग्नपत्रिका आपण घरीच करणार, असं तिच्या भावाने, अभिनवने जाहीर केलं आणि त्याला कोणी अडवलं नाही. चूक झाली ती इथंच. कारखान्यातला हा क्लर्क महिनाभर यूट्यूबवर पानाच्या मांडणीचं ग्रिड शिकत होता. त्यातली परदेशी बाई रोज बजावायची, की पान आधी न दिसणाऱ्या रेषांनी वाटून घ्या, अक्षरं त्या रेषांना धरून बसवा आणि ज्याला मान द्यायचा, त्याच्याभोवती मोकळी जागा सोडा.

मान अर्थातच रामाजीमामांना. वडील गेल्यावर भिलाई-३ वस्तीतल्या या मामांनीच घर सांभाळलं होतं, अपेक्षाला बोहल्यावर तेच आणणार होते. म्हणून अभिनवने सगळे काका-आत्या दोन रकान्यांत कोंबले आणि मामांना अगदी तळाशी, बारीक देखण्या अक्षरांत, एकटं बसवलं. चौकशीसाठी त्यांचा मोबाइल नंबरही टाकला.

"माह्या भावाले इतकं खाली कावून बसवलं रे?" रत्नमालाबाईंनी विचारलं. त्यावर मुलाने आईला तासभर मोकळ्या जागेचं महत्त्व समजावलं.

पत्रिका वाटल्या आणि मामांचा फोन वाजू लागला. पद्मनाभपुरातून कोणी बारशाच्या पत्रिका कधी मिळतील विचारलं, मोहन नगरातल्या एकाने सोनेरी शाई हाताला लागते म्हणून झापलं. पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत नाव-नंबर असतो तो छापखान्याचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते त्या परदेशी बाईला!

मामांनी बहिणीचा फोन घेणं बंद केलं. निरोप तेवढा आला: "बहिणीच्या घरी मी छापखानावाला असन, तं पोरीले दुसरा मामा पाहा." अपेक्षा रडरड रडली. मामा नाही तर बोहल्यावर चढत नाही म्हणाली. अभिनव तडक स्कूटर काढून भिलाई-३ला गेला आणि मामांच्या पायाच पडला. मामांनी चहा तेवढा दिला.

तेवढ्यात फोन वाजला. मामा ताडकन उभे राहिले. "जी साहब. हो जाएगा साहब." फोन ठेवून ते भाच्याकडे वळले.

"आमच्या साहेबाच्या पोरीचं लग्न हाय. पत्रिकेवर माहा नंबर पाहून त्यायलेबी वाटलं, मीच पत्रिका छापतो. त्यायले नाही म्हणता नाही आलं मले. मी येतो बोहल्यापाशी. पण उद्यापासून तू त्यायची पत्रिका करायले बस," ते म्हणाले. मग जरा घुटमळून पुढे म्हणाले, "अन् खाली माह्यं नाव जरा मोठ्या अक्षरात टाकजो."