गांबिया, मुक्काम मआमीर

आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अहवालात ‘समाजकार्य’ या मथळ्याखाली लागोपाठ तिसऱ्या वर्षी ‘निरंक’ छापून आलं, तेव्हा कार्यकारिणीला ही बाब गंभीर असल्याचं जाणवलं. गणपती झाले होते, कोजागिरी झाली होती, समुद्रावर सहल झाली होती; पण या सगळ्यात समाज कुठेच नव्हता, आम्हीच होतो. साल १९८१. बहरीनमध्ये पगार वाढले होते, आणि पगार वाढला की माणसाला दुसऱ्याची गरिबी दिसू लागते. फक्त ती जरा लांबची असावी लागते.

तोडगा अँब्रोजने आणला. अँब्रोज वसईचा, आमच्याच कंपनीत स्टोअरकीपर. त्याच्या ओळखीच्या एका फादरना गांबियातल्या खेड्यात, म्हणजे थेट पश्चिम आफ्रिकेत, शाळेचे हिशेब लावून द्यायला दोन महिन्यांसाठी स्वयंसेवक हवा होता. कुणीतरी गेलंच पाहिजे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. मग सगळे कुणाकडे तरी बघू लागले. माझी दोन महिन्यांची लीव्ह शिल्लक आहे, हे मी चहाच्या वेळी बोलून बसलो होतो. अकाउंटंट माणूस, शिल्लक लपवणं जमत नाही.

निरोप समारंभ हॉटेलात झाला. अध्यक्ष राजनसाहेब बँकेत असल्यामुळे त्यांना उधारीवर भावना देता येतात. त्यांनी मला दीपस्तंभ म्हटलं. शाल, नारळ, मच्छरदाणी आणि तिकडचे अनुभव भरून पाठवण्यासाठी टेपरेकॉर्डर अशी सामग्री माझ्या ताब्यात देण्यात आली. माझ्या बायकोने, नीलाने, पैठणी नेसून त्यागमूर्तीचे फोटो काढून घेतले.

व्हिसा मात्र आला नाही. ट्रॅव्हल एजंट आधी ‘उद्या, इंशाल्ला’ म्हणत होता, नंतर नुसतंच ‘इंशाल्ला’, आणि शेवटी ‘खलास’. मी सुटकेचा निःश्वास टाकून बॅग उघडायला घेतली.

“काय करताय?” नीलाने विचारलं.

“शर्ट काढतोय. जाणं रद्द झालं.”

“निरोप रद्द झालाय का? शाल घेतलीत तुम्ही. आता खाली दूध आणताना दिसलात तर मी लोकांना काय सांगू?”

“व्हिसा मिळाला नाही, हेच. खरं तेच सांग.”

“खरं सांगायचं तर आधी शाल परत करावी लागेल,” ती म्हणाली. “आणि फोटोंच्या कॉप्या मी माहेरी पाठवल्यात.”

मी शर्ट परत बॅगेत घातला. अँब्रोजने मला त्याच रात्री कंपनीच्या रात्रपाळीच्या बसने मआमीरला नेऊन सोडलं. नईममधल्या आमच्या घरापासून मोटारीने वीस मिनिटांवरचं हे खेडं, कारखान्यांच्या शेजारचं. मंडळाची सहल दर वर्षी त्याच्या फाट्यावरून पुढे जाते. गावात शिरल्याची मात्र कुणाच्याही नावावर नोंद नाही. सापडण्याची भीती असलेल्या माणसाला याहून सुरक्षित आफ्रिका मिळाली नसती.

खोली हाजी गनींच्या अंगणात होती. हाजी तरुणपणी गलबतावर खजूर घेऊन मुंबईला जात, त्यामुळे त्यांची हिंदी भेंडीबाजारातली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सून झोहरा हात धरून त्यांना माझ्या दारापाशी आणून बसवी आणि माझ्यापुढे मासे-भाताचं ताट ठेवी. मी कोण, इथे का, हे मी त्यांना सांगून टाकलं. मंडळातल्या कुणालाही हे इतक्या सहज पटलं नसतं. ते पोटभर हसले आणि त्या दिवसापासून मला मुन्शी म्हणू लागले.

स्वयंसेवकाची दिनचर्या कडक होती. सकाळी झोहराने दिलेला चहा घ्यायचा, दुपारी झोपायचं, संध्याकाळी कॅसेट भरायची. मी हिशेबाला पक्का असल्यामुळे, न पाहिलेलं काही सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. म्हणून मआमीरच सांगितलं. ऊन सांगितलं, गोड्या पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या बायका सांगितल्या, स्वतःच्या ताटातला मासा पाहुण्याला वाढणारी माणसं सांगितली. आणि गावात एक म्हातारा आहे, डोळ्यांनी दिसत नाही, ऑपरेशनने दिसेल, पण शहरातल्या डॉक्टरकडे न्यायला गावात कुणाकडे गाडी नाही, हेही सांगितलं.

“शेर किधर है?” शेजारी बसलेल्या हाजींनी विचारलं. “बंबई का आदमी शेर के बिना रोता नहीं.”

मी सिंहाला तत्त्वतः नकार दिला. दुसऱ्या कॅसेटमध्ये पावलांचे ठसे मंजूर केले. तिसऱ्यात सिंह कायम झाला.

अँब्रोज कॅसेटी ‘फादरांच्या हाती आल्या’ असं सांगून मंडळात पोचवी आणि परत येऊन अहवाल देई. माझ्या खोलीच्या एसीची घरघर ऐकून राजनसाहेबांनी ‘हे तिकडचे रातकिडे’ असा खुलासा केला होता. मासे-भाताचा उल्लेख आला की वसईची मंडळी हळूच कुठला मासा ते विचारत. पण आंधळ्या म्हाताऱ्यापाशी सगळा हॉल गलबलून जाई. अखेर ठराव झाला, की सभासदांनी घरातले जुने चष्मे द्यावेत. पेटी भरली, वर ‘गांबिया’ लिहिलं गेलं, आणि पत्ता अँब्रोजलाच ठाऊक असल्यामुळे ती मआमीरला येऊन पडली.

हाजींनी तो सगळा शुक्रवार चष्मे लावण्यात घालवला. एक लावायचा, उन्हाकडे मान करायची, काढून ठेवायचा. झोहरा हसून हसून बेजार झाली. शेवटचा चष्मा पेटीत टाकून हाजी म्हणाले, “अच्छे हैं. मुन्शी, इनके मालिकों के पास गाड़ी है?”

“सगळ्यांकडे आहे.”

“तो चष्मा रहने दो. एक गाड़ी भेज दो. तू कैसा दिखता है, वो देखना है.”

माझी स्वतःची गाडी नईममध्ये घराखाली उभी होती. परंतु मी आफ्रिकेत होतो, आणि आफ्रिकेतला माणूस बहरीनमध्ये गाडी चालवताना दिसणं नियमाला धरून नव्हतं. परत गेल्यावर पहिलं काम तुमचंच, असं मी हाजींना सांगितलं.

परतल्यावर पहिलं काम सत्काराचं निघालं. दुसरी शाल मिळाली. भाषणाच्या शेवटी मी धीर करून म्हणालो, की असाच एक म्हातारा आपल्या मआमीरमध्येही आहे असं ऐकतो. एखाद्या शुक्रवारी कुणीतरी गाडी घेऊन गेलं तर हॉस्पिटलात नेता येईल.

राजनसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “चंद्रशेखर, भावना समजते. पण मआमीरला सेवा कशी करणार? तिथे तर जावं लागेल.”

मुद्दा बिनतोड असल्याने विषय संपला आणि मला आफ्रिका उपसमितीचा प्रमुख करण्यात आलं. पुढचा शुक्रवार उपसमितीच्या बैठकीत गेला. त्यानंतरच्या शुक्रवारी मी गाडी काढलीही होती. पण गाडीत सहलीचे डबे ठेवले गेले आणि आम्ही फाट्यावरून पुढे गेलो. मी त्या बाजूला पाहिलं नाही. वाहन चालवताना लक्ष समोर असावं.

पुढल्या वर्षी आपण स्वतः जाणार, असं राजनसाहेबांनी जाहीर केलं. समारंभ झाला. व्हिसा आला नाही. त्यांचा चेहरा पाहून मी त्यांना बाजूला घेतलं, सगळं सांगितलं, आणि उपसमितीचा प्रमुख या नात्याने अँब्रोजकरवी खोलीची व्यवस्था करून दिली. रात्री माझ्याच गाडीतून त्यांना फाट्यापर्यंत सोडलं. आत गेलो नाही. हाजींनी मला कधी पाहिलेलं नसलं, तरी आवाजावरून ओळखलं असतं.

त्यांची पहिली कॅसेट हॉलमध्ये लागली. ऊन, टँकर, सिंह. मग तोच म्हातारा. वर्षापूर्वी त्याला निदान उजेड कळत होता, आता तोही कळत नाही, असं सांगताना राजनसाहेबांचा आवाज खरोखर फाटला. तेवढ्यात टेपवर दुसराच आवाज उमटला.

“मुन्शी सुन रहा है क्या? उसको बोलो, गाड़ी अभी तक नहीं आई.”

आता सगळं उघडं पडणार, या कल्पनेने मला भीतीइतकंच बरंही वाटलं. पण पुढच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. चंद्रशेखरांनी दोन महिन्यांत आफ्रिकन माणसाला हिंदी शिकवलं! सगळे उठून उभे राहिले. मला व्यासपीठावर नेण्यात आलं. आणि म्हाताऱ्याची मागणी स्पष्ट ऐकू आलेली असल्यामुळे ‘गांबिया वाहन निधी’ तिथल्या तिथे मंजूर झाला. वाहन बोटीने जाईल. वर्ष-दीड वर्ष लागेल.

त्या दिवशी कुणाचे डोळे कोरडे नव्हते. माझेही नव्हते, समोरचं काही दिसत नव्हतं. सभा संपल्यावर बाहेर इतक्या गाड्या अडकल्या होत्या की अर्धा तास कुणालाच हलता येईना. वाचकहो, तुमचीही गाडी त्यात असणारच; कुठली, ते मला ओळखता आलं नाही. पण माझ्या मागे कुणीतरी सारखं हॉर्न देत होतं, घरी जायची घाई असल्यासारखं.