मागचे हूक

संध्याकाळी पाचला आमच्या दाराची बेल वाजली की मी कणकेचे हात धुते. दारात सहा फुटी गजानन उभा असतो. डोळ्यांवर मोरपंखी रंग, ओठ लालभडक, कानांत खांद्याला टेकणारे झुमके, कमरेला घागरा. तो पाठ माझ्याकडे करतो आणि म्हणतो, "काकू, हूक लावून द्या जी."

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या इमारतीत तो वरच्या मजल्यावर एकटा भाड्यानं राहतो. बाई होऊन नाचणं हा त्याचा धंदा, नाव झुमकी. मुंबईत टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत पाचव्या आठवड्यापर्यंत टिकला. आता हळदी, डोहाळजेवणं आणि दुकानांची उद्घाटनं. फलकावर 'टीव्हीफेम' लिहितात, जेवायला मात्र मंडपामागे बसवतात. कंटाळला नाहीस का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "दुकान आहे जी काकू, शटर वर कराच लागते."

मी इमारतीची सेक्रेटरी. टाकीची सफाई, भिशी, कचरेवाला, सगळ्याच्या माझ्याकडे याद्या असतात. त्यांत रोजचे हूक बसत नाहीत. शिवाय मुंबईहून तो वाळूनच परतला होता. ब्लाउज ढगळ व्हायचं, मला दोन्ही बाजूंना सेफ्टी पिना टोचाव्या लागायच्या.

"अरे, एकटा राहतोस, तर हूक समोर घे. बाजूही आत घे. खालचा टेलर अर्ध्या तासात करून देईल."

"नाही जमत जी."

"काहून नाही जमत?" त्याच्याशी बोलताना मीही त्याच्या बोलीत घसरते.

"त्याले दुसऱ्याचा हात लावाचा नाही."

एकदा मुलीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला मी गांधीबागेच्या कापडबाजारात गेले. दुकान नवं होतं आणि उद्घाटनाला झुमकी. मालकानं माइक तिच्या हातात दिला. "झुमकीजी, डान्स बाद में. पहले वो कुएँवाला किस्सा सुनाओ. लेडीज रोनी चाहिये."

तो किस्सा अख्ख्या नागपूरला पाठ होता. टीव्हीवर गजाननानं रडत सांगितला होता, की बापानं घुंगरू विहिरीत फेकले आणि मला घराबाहेर काढलं. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात त्याला नव्यानं घराबाहेर पडावं लागे.

त्या दिवशी तो माइक धरून नुसताच उभा राहिला. मग म्हणाला, "माह्या बापानं काही नाही फेकलं जी. टीव्हीवाल्यांले रडू पाहिजे होतं, मी देऊन टाकलं. बाप आमच्या गावी, कुहीले, टेलर आहे. हे पोलकं त्यानंच शिवलं. गावच्या दंडारीच्या खेळात मी नाचाचो तं पडद्यामांगे उभा राहून हूक तोच लावे. त्या किश्श्यापासून तो माहा फोन नाही उचलून राहिला."

बायकांचे चेहरे उतरले. "हात्तिच्या! मग आम्ही इतकं रडलो ते काहून वं?" माझ्या शेजारची तिच्या बहिणीला म्हणाली. दोघीतिघी मोबाइलवर चित्रण करत होत्या, त्या करतच राहिल्या. मालकानं घाईघाईनं गाणं लावलं.

त्यानंतर कामं कमी झाली. "शटर अर्धंच वर आहे जी," गजानन म्हणायचा. मी पिना टोचायची. हूक समोर घे, असं मात्र पुन्हा म्हटलं नाही.

परवा कुहीच्या एका ओळखीच्या माणसानं गजाननासाठी पार्सल आणलं. वर दार बंद दिसलं म्हणून माझ्याकडे ठेवून गेला. पाचला गजानन आला, त्यानं जिन्यातच कागद फाडला. आत नवं कोरं ब्लाउज. चिठ्ठी नाही, काही नाही. त्यानं आधी ते उलटं करून पाहिलं.

हूक मागे होते.

घागरा चुरगळेल म्हणून रंगून झाल्यावर कधीही न बसणारा हा माणूस मटकन पायरीवर बसला.

"घालून तर ये," मी म्हटलं.

तो घालून आला आणि पाठ करून उभा राहिला. मी हूक लावत गेले. ब्लाउज अंगावर चपखल बसलं. हातातल्या पिना हातातच राहिल्या.

"माप कधी कळवलं होतंस?"

"कुठं कळवलं जी."

मुंबईहून आल्यापासून तो कुहीला गेलेला नाही. हा वाळलेला गजानन त्या टेलरनं पाहिला असेल, तर त्या दुकानातल्या कुणाच्या तरी मोबाइलवरच्या चित्रणातच.

हूक लावून झाले होते. तरी तो पाठमोराच उभा राहिला. कणीक तशीच पडली होती, पण मीही त्याला जा म्हटलं नाही.