तिसरी अक्षम्य चूक

भूतकाळाचा एक मोठा दोष म्हणजे त्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही. कुणीही उठावं आणि त्याला हवा तो शर्ट घालावा, तो बिचारा हूं की चूं करत नाही. म्हणून त्याची काळजी घेणारी माणसं समाजात असावी लागतात, आणि ती सेवानिवृत्त असलेली बरी, कारण कामावर असलेल्या माणसाला वर्तमानकाळच उरकत नाही.

तारीखकाकांच्या बैठकीच्या खोलीत दर रविवारी दुपारी तीन वाजता भरणारं कालदोष निरीक्षण मंडळ याच जाणिवेतून स्थापन झालं होतं. सदस्य तीन. अध्यक्ष स्वतः काका, पोलीस चौकीतले निवृत्त टायपिस्ट. दुसरे शिंपीबुवा; त्यांच्याकडे कॉलर, काज, बटणं आणि पँटची मोहरी हा विभाग. तिसरा वायरमन, त्याच्याकडे बल्ब, पंखे, तारा आणि पुन्हा बटणं (भिंतीवरची). काकू सदस्य नव्हत्या. त्यांना सिनेमा बघताना रडू येतं, आणि रडणाऱ्या माणसाला मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर नीट दिसत नाही, असं मंडळाच्या घटनेतच म्हटलं होतं. चहा करण्यास मात्र त्या पात्र होत्या.

मंडळाची कार्यपद्धती शास्त्रशुद्ध होती. जुन्या काळातला, शक्यतो खुनाचा सिनेमा निवडायचा (खुनाच्या सिनेमात कॅमेरा वस्तूंवर जास्त वेळ रेंगाळतो, ते तपासणीला सोयीचं पडतं), रिमोट काकांच्या हातात ठेवायचा आणि चूक दिसली की चित्र थांबवायचं. चुका तीन प्रकारच्या: किरकोळ, ठळक आणि अक्षम्य. नियम सात असा होता, की ज्या प्रसंगात तीन अक्षम्य चुका आढळतील तो प्रसंग घडलेलाच नाही असं मानावं. या नियमाखाली मंडळाने चार वर्षांत अकरा खून, दोन दंगली आणि एक प्रेमविवाह रद्द केला होता. दीड तासाचा सिनेमा संपायला सरासरी तीन रविवार लागत. शेवटी काय झालं हे सहसा कुणालाच आठवत नसे, पण त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं.

अशा मंडळाच्या हाती तो छापखान्याचा सिनेमा लागला, आणि काकांना सोन्याची खाण सापडली. कारण ती गोष्ट खरी होती आणि त्यांच्याच गावातली होती. एक्कावन्न वर्षांपूर्वी छापखान्याच्या मालकाचा खून झाला, खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरने चौकीत कबुलीजबाब दिला आणि तो अकरा वर्षं आत जाऊन आला. सिनेमाचं म्हणणं निराळं होतं. सिनेमा म्हणत होता, की खून मालकाच्या भागीदाराने केला. कंपोझिटरचा कबुलीजबाब आधी टाइप झाला आणि कंपोझिटरला चौकीत नंतर आणलं. (खरा खुनी कोण, हा प्रश्न मंडळाच्या कार्यकक्षेत येत नसल्यामुळे त्यावर चर्चा झाली नाही.)

काकांनी एकशे त्रेचाळीस चुका काढल्या आणि वर्तमानपत्राला पाठवल्या. हवालदाराचा पट्टा दोन बोटं रुंद, सायकलची घंटी डावीकडे, भागीदाराच्या गाडीचा रंग तीन वर्षं आधीचा. पत्र छापून आलं. पत्राच्या शेवटी नावाखाली काकांनी लिहिलं होतं, ‘त्या काळी त्याच चौकीत टायपिस्ट’. ही ओळ लिहायची काही गरज नव्हती, पण आपला अधिकार लोकांना कळावा असं कुणाला वाटत नाही?

पुढच्या रविवारी तीनला पाच कमी असताना बेल वाजली. दारात पन्नाशी ओलांडलेली एक बाई होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्राचं ते कात्रण.

“मी त्या कंपोझिटरची मुलगी,” ती म्हणाली. “औषधांच्या दुकानात असते. आज सुट्टी होती म्हणून आले.”

शिंपीबुवांनी हातातली बशी खाली ठेवली. काकूंनी न विचारता पाचवा कप काढला.

“बाबा ब्याऐंशी वर्षांचे झालेत,” बाई बसल्या बसल्या म्हणाली. “अजून रस्त्याने मान खाली घालून चालतात. त्यांचं नाव साफ व्हावं म्हणून आम्ही कोर्टात अर्ज केलाय. कोर्ट म्हणतं, सिनेमा म्हणजे पुरावा नव्हे, त्या खोलीत हजर असलेला माणूस आणा. फौजदार गेले. दोन्ही हवालदार गेले. तुम्ही एकटे उरलात, काका. जबाब आधी टाइप झाला होता, एवढं लिहून खाली सही द्या. बाकी काही मागत नाही मी.”

त्या दिवसाची काकांना बारीकसारीक माहिती होती. कुणाच्या चपलेचा अंगठा तुटला होता हेसुद्धा ते सांगू शकले असते. फक्त त्या टाइपरायटरसमोर कोण बसलं होतं, एवढ्या एका तपशिलाकडे ते एक्कावन्न वर्षं पाठ फिरवून बसले होते. ‘मी काय, फक्त टाइप केलं’ हे वाक्य त्यांनी मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की ते गुळगुळीत झालं होतं. त्यांना भीती वाटली, आणि भीती वाटली की ते नेहमी नियमांकडे वळत.

“मंडळ विनंतीवरून सह्या देत नाही,” ते घसा साफ करून म्हणाले. “प्रसंग रीतसर तपासता येईल. तपासणीत प्रसंग टिकला, तर मग बघू.”

चौकीचा प्रसंग लावण्यात आला. त्यात पहिली अक्षम्य चूक वायरमनने अकराव्या सेकंदाला पकडली: छताला ट्यूबलाइट होती, आणि त्या साली चौकीत पिवळ्या बल्बशिवाय काही नव्हतं. दुसरी शिंपीबुवांना मिळाली. फौजदाराच्या शर्टाला असलेली टोकदार कॉलर गावात यायला अजून सहा वर्षं अवकाश होता. आता एक चूक, की प्रसंग रद्द. काका पुढे सरकून बसले. चौकटीन् चौकट थांबवून पाहू लागले. टाइपरायटर बरोबर होता. रिबन बरोबर होती. कार्बनची काळी बाजू खाली होती. डोळ्यांत तेल घालून पाहिलं, तरी दिग्दर्शकाने काही सोडलं नव्हतं.

“मिशी!” काका एकदम ओरडले. “टायपिस्टला मिशी दाखवलीय. मला मिशी कधीच नव्हती!”

स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. त्यांच्या हातात भिंतीवरून काढून आणलेली तसबीर होती.

“हे आपलं लग्न,” त्या म्हणाल्या, “त्याच वर्षीचं. आणि हे तुमच्या नाकाखाली काय आहे? सुरवंट?”

“त्या काळी स्टुडिओवाले फोटोवर हाताने रंगवायचे,” काका म्हणाले.

शिंपीबुवांनी तसबीर उजेडात धरली. माणूस मैत्रीला जागणारा होता, पण कॉलरपुढे त्याचा नाइलाज होता. “कॉलर बरोबर आहे,” ते खिन्नपणे म्हणाले. “फोटो अस्सल आहे.”

दुकानात राहून या बाईला लोकांच्या गळी कडू गोळी उतरवायची सवय असावी. तिने पिशवीतून दोन कागद काढले.

“जाऊ दे, काका. सही राहू दे. एवढंच करा. अर्जासाठी मी तो प्रसंग सिनेमावरून लिहून काढलाय. त्यात चुका असतील. तुमच्याएवढी माहिती कुणाला आहे? नुसतं तपासून द्या.”

आता इथे वाचकांनी हे समजून घेतलं पाहिजे, की काकांपुढे चुकीचा कागद ठेवणं आणि लहान मुलापुढे साबणाचे फुगे सोडणं यात काहीच फरक नव्हता. खिशातलं पेन केव्हा हातात आलं ते त्यांनाही कळलं नाही.

“सोमवार?” ते म्हणाले. “गुरुवार होता.” खोडलं. “अकरा वाजता टाइप केला? कोण म्हणतं? साडेनऊला संपलासुद्धा.” खोडलं. “दोन प्रती? चार. मूळ एक, कार्बन तीन. आणि फौजदार हे मनाने सांगत नव्हते, बाई. खिशातल्या चिठ्ठीवरून वाचून दाखवत होते. तुझ्या वडिलांना आणलं ते दीड वाजता. म्हणजे चार तास. सिनेमावाले दोन तास दाखवतात. काही ताळतंत्र आहे की नाही?”

नोकरीतली छत्तीस वर्षं त्यांच्या हाताला एक वळण लावून गेली होती. कागदावर खाडाखोड केली, की शेजारी छोटी सही आणि तारीख. तिच्याशिवाय दुरुस्ती ग्राह्य नाही. हात ते आपोआप करत होता. पहिल्या पानावर अशा पाच सह्या झाल्या.

दुसऱ्या पानावर एका ओळीपाशी पेन थांबलं. ‘टायपिस्टने माझ्या वडिलांना प्यायला पाणी दिलं,’ असं तिथे होतं. सिनेमात तसंच होतं. तो प्रसंग पाहून काकू दोनदा रडल्या होत्या.

“हे चूक आहे,” काका म्हणाले. “पाणी नाही दिलं. त्याने मागितलं होतं. दोनदा मागितलं. पाण्याचा जग माझ्याच टेबलावर होता.” मग भानावर आल्यासारखं करून ते म्हणाले, “सिनेमात दाखवतात म्हणून लोकांचा गैरसमज होतो.”

त्यांनी ती ओळ सरळ रेघ मारून खोडली. शेजारी छोटी सही, तारीख. पानाच्या तळाशी सवयीने ‘तपासले, दुरुस्त केले’ असं लिहून त्याखाली मोठी सही केली आणि हुद्दा घातला: टायपिस्ट (निवृत्त).

बाईने कागद घडी न घालता पिशवीत ठेवले. दाराशी जाऊन ती वळली.

“पाणी दिलं नाही, हे बाबाही सांगतात,” ती म्हणाली. “सिनेमावाल्यांनी ते मनानेच घातलं. वार आणि वेळा मात्र मी मुद्दाम चुकवल्या होत्या, काका. राग मानू नका.”

दार लागलं. काकांनी पेन खिशाला लावलं.

“मी फक्त चुका काढल्या,” ते म्हणाले.

“हो,” काकू म्हणाल्या. “सगळ्या काढल्यात.” आणि त्यांनी त्या दिवशी काकांना न मागता दुसरा चहा दिला. काकांनी तो घेतला. त्यांना हलकं वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

“पण म्हणजे,” वायरमन वही उघडून म्हणाला, “पाणी ही तिसरी अक्षम्य.” तसं पाहिलं तर खरंच होतं. नियम सातनुसार तो प्रसंग घडलेला नाही, असा ठराव दोन विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. अध्यक्ष तटस्थ राहिले.

सात महिन्यांनी कोर्टाने सह्यांसकट तो कागद समोर ठेवून, काकांना साक्षीला उभं करून, तोच प्रसंग घडला होता असा निकाल दिला आणि कंपोझिटरची शिक्षा रद्द केली. मंडळाने कोर्टाला पत्र लिहून मतभेद नोंदवला. पत्रावर अध्यक्षांची सही नव्हती. ते त्या रविवारी एक जग आणि पेला पिशवीत घालून कुठेतरी गेले होते. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही. काकूंनी विचारलं नाही.

ही हकिकत आजवर बऱ्याच जणांना सांगून झाली आहे. त्यावर एकूण एकतीस हरकती आल्या. कोर्टाचे निकाल सात महिन्यांत लागत नाहीत, अशा नऊ. औषधांची दुकानं रविवारी उघडी असतात, अशा सहा. चौकीत तीनच कार्बन कसे, चार हवेत, अशा पाच (सगळ्या निवृत्तांच्या). उरलेल्या अकरा सायकलच्या घंटीबद्दल. अकरा वर्षं तुरुंगात आणि चाळीस वर्षं मान खाली घालून काढलेला तो म्हातारा आता कसा चालतो, हे कुणी विचारलेलं नाही. तुमच्या मनात या क्षणी जी शंका आली आहे, ती बत्तिसावी म्हणून नोंदवून घेतली आहे.